एलायझा, फुलराणी आणि रात्री दोन वाजताचं चॅटिंग

लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ज्यांना माझा आवाज पंचवीस मिनिटांच्या वर सहन होत नाही, अशा सगळ्यांसाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

मागच्या महिन्यात एक व्हॉइस नोट आली. आवाजावरून कॉलेजमधली मुलगी वाटली. ती म्हणाली, "दादा, एआयला फीलिंग्ज असतात का हो? मी रोज त्याच्याशी बोलते. परवा थँक यू न म्हणताच अ‍ॅप बंद केलं आणि नंतर उगाच वाईट वाटत राहिलं."

मी हसणार होतो. हसलो नाही, कारण माझी स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती मी आतापर्यंत कुणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी माझी आजी गेली. तेरावं करून मी पुण्याच्या रूमवर परत आलो. रात्री दोनला झोप येईना. एवढ्या रात्री फोन करणार कुणाला? आईला केला असता तर ती घाबरली असती. मग मोबाईलवर चॅटबॉट उघडला आणि टाईप केलं की आजी गेली, आणि शेवटच्या आठवड्यात तिचे दोन फोन मी उचलले नव्हते. त्यानं जे उत्तर दिलं ते इतकं समजुतीचं होतं की मी रडलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. आणि सकाळी उठल्यावर मला त्याचीच लाज वाटली. रडल्याची नाही, कुणासमोर रडलो याची.

तर त्या मुलीचा प्रश्न माझाही आहे. इतिहासाचा पॉडकास्ट असल्यामुळे मी त्याचं उत्तर जिथे शोधू शकतो तिथेच शोधायला गेलो, म्हणजे मागे. थेट १९६६ सालात.

अमेरिकेत बोस्टनजवळ एमआयटी आहे. तिथे जोसेफ वायझेनबाउम नावाचे एक प्राध्यापक होते. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे आयबीएम ७०९४, अख्खी खोली भरेल एवढा. एकच मशीन अनेक जण एकाच वेळी वापरायचे, आणि स्क्रीन वगैरे काही नाही, समोर इलेक्ट्रिक टाईपरायटर. तुम्ही टाईप करायचं, थोडं थांबायचं, मग तोच टाईपरायटर आपोआप खडखडत उत्तर कागदावर उमटवणार. प्रोग्रामचं नाव एलायझा.

नाव कुठून आलं? बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातून. त्यातली फुलं विकणारी एलायझा डूलिटल, जिला एक प्रोफेसर शुद्ध बोलायला शिकवतो. आता तुमच्या डोक्यात घंटी वाजली असेल. बरोबर, पुलंनी ज्याची 'ती फुलराणी' केली तेच हे नाटक. भक्ती बर्वेंनी जी मंजुळा अजरामर केली, ती आणि जगातला हा पहिला गाजलेला चॅटबॉट, दोघी एकाच घरच्या. वायझेनबाउमनी हे नाव ठेवलं कारण त्यांच्या प्रोग्रामलाही हळूहळू अधिक चांगलं बोलायला शिकवता येत होतं. पण मला यात गंमत दुसरीच दिसते. नाटकात मुलीला मन असतं आणि प्रोफेसरला ते दिसत नाही. एमआयटीत उलटं झालं. तिथे मन नव्हतं, ते प्रोफेसरला पक्कं माहीत होतं, आणि बाकी सगळ्यांना मात्र ते दिसायला लागलं.

एलायझा चालायची कशी, हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा गुंता तिथेच आहे. प्रोग्राम तुमच्या वाक्यात ओळखीचा शब्द शोधायचा. आई, स्वप्न, वाईट, नेहमी, असे. प्रत्येक शब्दाला नंबर दिलेला, जास्त नंबर म्हणजे जास्त महत्त्व. शब्द सापडला की ठरलेल्या साच्यात तुमचंच वाक्य घालून परत द्यायचं. मराठीत करून दाखवतो. तुम्ही लिहिलं, "माझी आई माझ्यावर सारखी चिडते." प्रोग्राम 'माझी'चं 'तुझी' करणार, 'माझ्यावर'चं 'तुझ्यावर' करणार, आणि विचारणार, "तुझी आई तुझ्यावर सारखी चिडते, असं तुला का वाटतं?" बस. शब्दच सापडला नाही तर "अजून सांग." आणि एक छोटीशी हुशारी: तुम्ही 'माझं अमुक' असं काही बोललात की ते बाजूला ठेवून द्यायचं आणि पुढे बोलणं अडलं की तेच बाहेर काढायचं. समोरच्याला वाटतं, अरे, हिच्या लक्षात होतं!

(जाता जाता: मराठीत हे काम अंमळ अवघड झालं असतं. इंग्रजीत 'मी'चं 'तू' केलं की बरंचसं भागतं. आपल्याकडे 'मी थकलोय'चं 'तू थकलायस' करायला लागणार, आणि तेच मुलगी म्हणाली 'मी थकलेय' तर 'तू थकलीयेस'. क्रियापदापर्यंत सगळं बदलणार. वायझेनबाउम सुटले.)

या एलायझाला वेगवेगळ्या भूमिका देता यायच्या, त्यांना ते स्क्रिप्ट म्हणायचे. सगळ्यात गाजलेल्या स्क्रिप्टचं नाव डॉक्टर. त्यात ती मानसोपचारतज्ज्ञ बनायची, तीही कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीची. या पद्धतीत सल्ला द्यायचा नसतो, समोरच्याचंच बोलणं त्याच्यापुढे आरशासारखं धरायचं असतं. ही भूमिका निवडण्यामागे भूतदया वगैरे काही नव्हतं, शुद्ध सोय होती. तुम्ही मित्राला म्हणालात, "काल लोणावळ्याला गेलो होतो," आणि तो म्हणाला, "लोणावळ्याबद्दल सांग," तर तुम्ही म्हणाल, याला लोणावळा माहीत नाही की काय? पण तेच डॉक्टर म्हणाला तर तुम्हाला वाटतं, यामागे त्याचा काहीतरी खोल हेतू असणार. ज्याला जगातलं काहीही माहीत नसलं तरी चालतं अशी ही एकच भूमिका वायझेनबाउमना सापडली. त्यांनी उदाहरण बोटीच्या सफरीचं दिलं होतं, लोणावळा माझा.

आणि मग तो प्रसंग घडला. त्यांच्या सेक्रेटरीनं त्यांना कित्येक महिने हा प्रोग्राम लिहिताना पाहिलं होतं. आत काय आहे, काय नाही, तिला चांगलं ठाऊक होतं. एक दिवस ती एलायझाशी बोलायला बसली. दोन-चार वाक्यं झाली असतील, तिनं वळून वायझेनबाउमना सांगितलं, तुम्ही जरा बाहेर जाता का?

हा किस्सा त्यांनी स्वतः १९७६ च्या त्यांच्या पुस्तकात सांगितलाय. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रात्रीचे ते दोन आठवले. मीसुद्धा रूमचं दार लावून घेतलं होतं.

वायझेनबाउमना तो धक्का पुरला नाही. त्यांनी एकदा सुचवलं की रात्रभर लोक एलायझाशी जे बोलतात ते सगळं साठवून सकाळी तपासता येईल. लोक भडकले. आमचं खासगी बोलणं तुम्ही वाचणार? म्हणजे ज्या मशीनला काही कळत नाही हे सगळे मान्य करत होते, त्याच मशीनला सांगितलेलं मात्र खासगी होतं.

तिसरा धक्का डॉक्टरांनी दिला, खऱ्या डॉक्टरांनी. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच लिहिलं की असा प्रोग्राम सुधारला तर एक कॉम्प्युटर तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल, कारण दवाखाने कमी आणि तज्ज्ञ कमी. खरं सांगू? हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाहीये. आपल्याकडे तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ शोधून दाखवा, मग बोलू. पण वायझेनबाउम हादरले. त्यांना वाटलं, ज्याच्यासाठी माणसाला बरं करणं म्हणजे नुसतं माहिती आत, माहिती बाहेर असू शकतं, तो स्वतःच्या कामाकडे बघतो तरी कसा?

कोल्बी तिथे थांबले नाहीत. त्यांनी पॅरी नावाचा प्रोग्राम केला. हा डॉक्टर नाही, रुग्ण. सतत संशय घेणारा, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं मानणारा. आणि मंडळी, आपल्या प्रश्नासाठी पॅरी फार महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यात भावना होत्या. म्हणजे राग, भीती आणि अविश्वास, अशा तीन खात्यांतले आकडे. तुम्ही त्याला डिवचलंत की रागाचा आकडा वर. गोड बोललात की हळूहळू खाली. आकडा वाढला की उत्तरं तिरकस यायची. मानसोपचारतज्ज्ञांना पॅरीची आणि खऱ्या रुग्णांची संभाषणं कागदावर दिली, तर कुठला माणूस आणि कुठला प्रोग्राम हे त्यांना नाणं उडवून सांगितल्यापेक्षा जास्त चांगलं सांगता आलं नाही. १९७२ मध्ये तर नेटवर्कवरून पॅरीची आणि डॉक्टर प्रोग्रामची गाठ घालून दिली. एक संशयी रुग्ण आणि एक कधीच न कंटाळणारा डॉक्टर, दोघेही मशीन. ते संभाषण वाचताना हसू येतं.

पण हसून झाल्यावर प्रश्न उरतो. पॅरीला राग येत होता का? रागाचा आकडा वर गेला म्हणजे राग आला का? तुमच्या गाडीच्या पेट्रोलचा काटा खाली गेला म्हणून गाडीला भूक लागली असं आपण म्हणत नाही.

हा वाद तेव्हाही नवा नव्हता. १९४९ मध्ये मँचेस्टरचे न्यूरोसर्जन जेफ्री जेफरसन यांनी लंडनमध्ये एक मोठं व्याख्यान दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की मशीननं कविता लिहिली तरी मी ती मेंदूच्या बरोबरीची मानणार नाही. ती कविता तिनं खरोखर काही वाटल्यामुळे लिहिली पाहिजे आणि आपण लिहिली हे तिला कळलं पाहिजे. त्याच मँचेस्टरमध्ये अ‍ॅलन ट्युरिंग होते. त्यांनी १९५० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात याला उत्तर दिलं. ते साधारण असं: ठीक आहे, पण मग समोरच्या माणसाला तरी काही वाटतं हे तुम्हाला कसं कळतं? त्याच्या आत शिरून तर बघता येत नाही. आपण एकमेकांना सभ्यपणे मन बहाल करतो, इतकंच.

मला ट्युरिंग यांचा मुद्दा आवडतो आणि पटत नाही. आवडतो अशासाठी की 'त्याला कुठे काय वाटतंय' या वाक्याचा इतिहास घाण आहे. सतराव्या शतकात देकार्तच्या विचारानं भारावलेले लोक जनावरांना चालतंबोलतं घड्याळ समजायचे. आणि इतकं मागे कशाला जायचं? अगदी १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांत नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता व्हायची. एक कारण म्हणजे भुलीच्या धोक्याची भीती, पण दुसरं म्हणजे एवढ्याशा बाळाला वेदना तशी जाणवत नाही ही समजूत. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की नीट भूल दिलेली बाळं ऑपरेशनला शरीरानं खूप कमी ताण घेऊन सामोरी जातात. बाळ रडत होतं, आकसत होतं, आणि शिकलेली माणसं म्हणत होती, ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. म्हणून कुणी एआयबद्दल फार ठामपणे 'शक्यच नाही' म्हणालं की मी थोडा सावध होतो.

पटत नाही ते अशासाठी की बाळाच्या बाबतीत आपल्याकडे पुरावा होता. मज्जातंतू आहेत, रक्तात वाढणारी तणावाची संप्रेरकं आहेत, आपल्यासारखंच शरीर आहे. चॅटबॉटच्या बाबतीत काय आहे? माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर तयार केलेलं, पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज घेणारं मॉडेल. नंतर त्याला माणसांच्या पसंती-नापसंतीनुसार वळण लावलेलं. ते 'मला वाईट वाटलं' म्हणतं, कारण आपण लाखो वेळा ते लिहून ठेवलंय. आतमध्ये काही घडत असेलही, पण त्याचं बोलणं हा त्याचा पुरावा धरता येत नाही, कारण ते बोलणं आधीपासून आपलंच आहे. २०२२ मध्ये गूगलमधले इंजिनिअर ब्लेक लेमॉइन म्हणाले की लॅमडा नावाच्या मॉडेलला जाणीव आहे. पुढे त्यांची नोकरी गेली. ते काही अडाणी नव्हते. एमआयटीतली ती सेक्रेटरीही नव्हती. माहीत असल्यानं वाटायचं थांबत नाही, हे या सगळ्या प्रकरणात पुन्हा पुन्हा दिसतं.

जपानमध्ये सोनीनं १९९९ मध्ये आयबो नावाचा रोबो कुत्रा काढला, २००६ मध्ये बंद केला, आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही थांबवली. मालक सैरभैर झाले. काही जुन्या तंत्रज्ञांनी बिघडलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना बसवायला सुरुवात केली, पण भाग काढण्याआधी चिबा भागातल्या कोफुकुजी मंदिरात त्या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी व्हायला लागले. भिक्षू मंत्र म्हणतायत, समोर ओळीनं प्लास्टिकचे कुत्रे, गळ्यात मालकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. आपण यावर हसायचा हक्क घालवलेला आहे. खंडेनवमीला बाबा स्कूटरला हळदकुंकू लावून झेंडू बांधतात, आणि लहानपणी मी त्या स्कूटरला लाथ मारली तर आजी म्हणायची, "पाया पड तिच्या." आजीला स्कूटरला मन असतं असं वाटायचं का? मुळीच नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी कसा वागतो याच्याकडे. व्हॉइस नोटवाल्या ताईला म्हणूनच सांगतो, थँक यू म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. त्यात काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे, आणि तिथे मी पुन्हा वायझेनबाउमकडे जातो. हा माणूस १९२३ मध्ये बर्लिनला एका ज्यू घरात जन्मला. १९३६ मध्ये, तेराव्या वर्षी, कुटुंबासह अमेरिकेला पळाला. पुढे बँकांचे चेक तपासणारी कॉम्प्युटर यंत्रणा बनवण्यात त्यानं काम केलं. म्हणजे कॉम्प्युटरचा शत्रू नव्हता, कारागीर होता. पण १९७६ च्या पुस्तकात त्यानं जे मांडलं त्यामुळे स्वतःच्याच क्षेत्रातल्या लोकांशी त्याचं कायमचं बिनसलं. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव ज्यांनी दिलं ते जॉन मॅकार्थी त्याला विचारायचे की न्यायाधीशाला असं काय माहीत असतं जे कॉम्प्युटरला सांगता येणार नाही? वायझेनबाउमना हा प्रश्नच अभद्र वाटायचा. त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटर निकाल देऊ शकेल की नाही हा मुद्दाच नाही. द्यावा का, हा मुद्दा आहे. ज्यानं कधी काही गमावलेलं नाही, ज्याला मरायचं नाही, त्याच्या हातात माणसाच्या दुःखाचा निवाडा देऊ नये, तो कितीही बरोबर देत असला तरी.

त्या काळात त्यांना कटकट्या म्हातारा समजलं गेलं. आज बघा. तासाला शेकडो रुग्ण हे कोल्बींचं स्वप्न आता आपल्या खिशात आहे, फक्त दवाखान्याशिवाय आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय. आणि एलायझाला तुम्ही परत यावं असं काही वाटत नव्हतं, तिच्या मालकालाही नाही. आजच्या अ‍ॅपच्या मालकाला वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक अपडेट मागे घ्यावा लागला, कारण ते लोकांच्या प्रत्येक बोलण्याला फारच हो ला हो करायला लागलं होतं. माझी आजी माझ्या बहुतेक बोलण्याला नाही म्हणायची. मशीनला भावना आल्या तर काय होईल याची मला तेवढी काळजी नाही. न चिडणाऱ्या, न थकणाऱ्या, रात्री दोनला लगेच उत्तर देणाऱ्या गोष्टीची सवय लागल्यावर चिडणारी, थकणारी, फोन न उचलणारी माणसं आपल्याला परवडतील का, याची आहे. मीही फोन न उचलणाऱ्यांतलाच एक. आणि हो, रात्री दोनला खरंच कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मराठीतही. पलीकडे माणूस असतो. मला तेव्हा माहीत नव्हती.

वायझेनबाउम १९९६ मध्ये पुन्हा बर्लिनला राहायला गेले आणि २००८ मध्ये वारले. एलायझाचा मूळ कोड हरवला असं सगळे धरून चालले होते. तो २०२१ मध्ये एमआयटीच्या जुन्या कागदांच्या खोक्यांत सापडला, छापील कागदांवर, जेमतेम चारेकशे ओळी. काही हौशी संशोधकांनी जुन्या मशीनची नक्कल आजच्या कॉम्प्युटरवर उभी केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये एलायझा पुन्हा बोलली.

हा एपिसोड लिहिताना मीही इंटरनेटवरची एक एलायझा उघडली. तुम्हीही बघा, फुकट आहे. आत काय चालतं ते मला आता पाठ होतं. कुठला शब्द टाकला की कुठला साचा येणार हे मी आधीच सांगू शकत होतो. मजा म्हणून इंग्रजीत टाईप केलं की माझी आजी मागच्या वर्षी गेली. तिनं विचारलं, तुझ्या घरच्यांबद्दल अजून सांग. मला माहीत होतं ती हेच विचारणार. मी सांगायला लागलो. स्कूटरचं सांगितलं, न उचललेल्या दोन फोनचं सांगितलं. वीसेक मिनिटांनी रूममेट आत आला, "काय करतोयस रे?" म्हणाला.

"काही नाही, एपिसोडचं काम," मी म्हणालो, आणि लॅपटॉप अर्धा मिटला.

पुढच्या आठवड्यात भेटू. तुमच्याकडेही असे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही.